वीस मोजेपर्यंत

सात म्हटलं अन् मामाजी थांबले.

मी चुलीपाशी होती, भाताचं आंधण चढलं होतं, माही लेक छबी काखेत, अन् समोरच्या खोलीतून रोजच्यासारखं त्याईचं मोजणं ऐकू येऊन राहिलं होतं... एक, दोन, तीन, असं बारीक आवाजात, देवाचं नाव घेतल्यासारखं. रोज वीसपर्यंत मोजाचे. त्या दिवशी सात झालं अन् आठ आलंच नाही. ओरडले नाही, पडले नाही, नुसता घूं असा एक आवाज अन् मंग खुर्ची घासल्याची चर्रर्र. मी धावली. पाह्यलं तं मामाजी टेबलावर वाकलेले, उजवा हात त्याईच्या हिरव्या वायरलेस सेटच्या आतमधी, डावा हात कमरेमांगं करदोड्यात खोचलेला, डोळे उघडे, अन् अंग असं थरथरून राहिलं जसे सुपातले दाणे. "मामाजी!" म्हणून मी हात समोर केला... अन् तसाच मांगं घेतला. कारण त्याईनंच शिकवलं होतं, माह्या लग्नाले आठ दिवस नसतील झाले तेव्हा शिकवलं होतं, का मी इथं चिकटलेला दिसलो तं मले हात लावाचा नाही, रडत बसाचं नाही, दाराच्या कोपऱ्यातली बांबूची काडी घ्याची अन् भिंतीवरचं मोठं बटन खाली पाडाचं. "ही काडी तुही, सूनबाई. हिले चुलीत घालजो नोको," म्हणून हसले होते. मी छबीले कुठं ठेवलं मले आठवत नाही, खाली ठेवलं का टाकून देल्लं, ती बोंबलून राहिली होती, मी काडी घेतली, एकदा हुकली, दुसऱ्यांदा बटन पडलं अन् मामाजी खुर्चीसकट आडवे झाले.

त्याच दिवशी नाही गेले ते. नऊ दिवस होते भंडाऱ्याच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय कमजोर होतं, आज ना उद्या होणारच होतं. लोकंही म्हणतात, म्हाताऱ्याचं सोनं झालं, आपल्या आवडीच्या वस्तूपाशी गेला. मी मान हलवते. दीड महिना झाला मी मान हलवून राहिली आहे. आमच्या आंधळगावच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसाईबद्दल छापून येते, तुह्या सासऱ्यासारखा माणूस या तालुक्यात दुसरा नव्हता, लिही, जशी बोलते तशीच लिही. मी सातवी नापास. पण मी लिहून राहिली, कारण घरात बोलाची सोय नाही.

मामाजी म्हणजे माहे सासरे. रेल्वेच्या तारघरात होते आधी, कट्ट-कडकट्ट करून तारा पाठवाचे. तिथूनच त्याईले हे याड लागलं. सरकारची परीक्षा देऊन लायसन काढलं, घरी बसून दूरच्या माणसाईशी वायरलेसवर बोलाचं लायसन. सेट त्याईनं जबलपूरच्या भंगारातून आणला, जुन्या लढाईतला, मिलिटरीचा, हिरवा लोखंडी, दोन माणसाईले उचलत नाही असा. तुमसर रोडवर मालगाडीतून उतरवला अन् बैलबंडीत धानाचं तणीस टाकून त्याच्यावर निजवून आणला, बाळंतिणीले आणते तसा. गावातल्या बाया पाहाले आल्या, त्याईले वाटलं धान कांडाची मशीन आली. एक म्हातारी म्हणे, "याच्यात धान कुठून टाकाचे जी?" मामाजी म्हणाले, "याच्यात बोलणं टाकाचं, काकू. दुसऱ्या तोंडानं जबलपूरले निंघते." म्हातारी म्हणे, "मंग माह्या सुनेले नोको दाखवू."

अन् खरंच निंघे. रोज सकाळी साडेआठले जबलपूरहून बॅनर्जीबाबू बोलाचे. दोघं हिंदीत बोलत. काय बोलत असतील म्हणता? तिकडं पाणी आलं का, इकडं धान निसवले का, गुडघा कसा आहे, काल आवाज फाटका येत होता आज साफ आहे... बस एवढंच. कित्येक वर्षं. दोघाईनं एकमेकाचं तोंड कधी पाह्यलं नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीही मामाजीनं साडेआठले सेट लावला होता म्हणे, एकच वाक्य बोलले अन् बंद केला. मी या घरात आली तेव्हा मले वाटे, काय हा म्हातारा, लोखंडाशी बोलते. मंग मीही घड्याळ पाहाले लागली. साडेआठले बॅनर्जीबाबूचा आवाज आला का मी आंधणात तांदूळ टाकाची.

त्या सेटची एक रीत होती. त्याच्या आतमधी काचेचे व्हॉल्व्ह, लहान कंदिलासारखे. बटन दाबलं का ते हळूहळू लाल व्हाचे. त्याच्यात एक मोठा व्हॉल्व्ह, तो तापला का मंगच साऱ्या सेटमधी मोठा करंट जाये, माणूस मारणारा. तो तापाले वीस मोजेपर्यंत वेळ लागे. मामाजी म्हणाचे, "चूल पेटवली म्हणून आंधण लगेच उकळते काय? तसंच आहे. वीस मोजेपर्यंत यात जीव नाही, वीस झाले का वाघ आहे." अन् वर्षातून दोनदा, हिवाळा लागला का एकदा अन् उन्हाळ्यात एकदा, आवाज दूर पोचाले आतली एक चिमटी तारेच्या दुसऱ्या वेढ्यावर लावा लागे. शहाणा माणूस बटन बंद करून लावल. मामाजी बटन दाबाचे, अन् मोजता मोजता हात घालून चिमटी लावाचे. डावा हात मांगं, उजवा आत. दहाच्या आत काम खलास. मी एकदा म्हटलंही, "बंद करून लावा ना जी." तं म्हणे, "व्हॉल्व्ह लाल होताना पाहत पाहत लावतो वं. कोणता जागते, कोणता झोपते, हातानं समजते. तीस वर्षांची सवय आहे, तू भिऊ नोको." दुसऱ्या कोणाले मात्र करू देत नव्हते. याईले पण नाही.

हे म्हणजे छबीचे बाबा. आमचं बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. कैया, म्हणजे तापवून तारा झाळाचा दांडा, तो धराले बापानंच शिकवलं, अन् झाळ एवढं साफ का साकोलीहून लोकं टेप घेऊन येतात. पण त्या हिरव्या सेटवरून बापलेकाची रोज लागे. याईचं म्हणणं, वस्तू चालली पाहिजे. जुने व्हॉल्व्ह भेटत नाहीत, नवीन टाका, डायोड टाका, ट्रान्झिस्टर टाका, बॅटरीवर चालल, वजन अर्धं होईल. मामाजी म्हणाचे, "मंग त्याले माहा सेट कायले म्हणाचं? तुहा ट्रान्झिस्टर म्हण. माहे दात पाडून कवळी बसव, डोळे काढून दुसरे लाव, अन् म्हण बाबा पाहा कसे नवीन झाले." हे म्हणाचे, "बाबा, तुमी वस्तूची पूजा करता, मी वस्तू चालवतो." "पूजा नाही रे. ज्यानं बनवला तो गधा नव्हता, एवढंच म्हणतो."

पण असं नव्हतं का मामाजीनं कधी काही बदललंच नाही. बदललं होतं. पण बदललं का चिठ्ठी टाकाचे. सेटच्या झाकणाच्या आतमधी एक पाकीट चिटकवलं होतं, त्यात चिठ्ठ्या. ही तार नवीन आहे, आधीची जळाली होती. हा स्क्रू माहा आहे. असं. अन् साऱ्यात खाली एक पिवळी चिठ्ठी, पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलेली, ती सेटच्या सोबतच आली होती भंगारातून. मामाजीनं मले वाचून सांगतली होती, का डाव्या बाजूची लाल तार बटन बंद असलं तरी चालू राहते, सांभाळ. "कोण शिपाई होता, कुठचा होता, जगला का मेला, माहीत नाही, सूनबाई. पण जो कोणी हे झाकण उघडल त्याच्यासाठी लिहून गेला. पहिल्या दिवशी माहा हात त्याच तारेकडं जाऊन राहिला होता." ती चिठ्ठी दाखवताना त्याईचा आवाज हळू व्हाचा.

पोळ्यानंतर तो मोठा व्हॉल्व्ह थकला. लाल होये, पण करंट जाये ना. सेट मुका झाला. मामाजीनं बॅनर्जीबाबूले पत्र लिहिलं, त्याच नंबरचा व्हॉल्व्ह पाहा म्हणून. उत्तर आलं, शोधून राहिलो. पुन्हा पत्र, पुन्हा तेच. साडेआठ वाजले का मामाजी खुर्चीवर जाऊन बसाचे, बटन दाबाचे, वीस मोजाचे, अन् कानावर चिमण्या घालून (ते कानाले लावाचे असतात ना, त्याले ते चिमण्या म्हणत) तसेच बसून राहाचे. जेवण कमी झालं. छबीले मोजणं शिकवत होते ते बंद झालं. हे रोज पाहून राहिले होते. एक दिवस दुकानातून आले अन् म्हणाले, "अवं, मले पाहवत नाही."

मामाजी दोन दिवस नाकाडोंगरीले लग्नाले गेले. दुपारची वेळ. याईनं सेट आडवा केला, मी टॉर्च धरली, छबी माह्या पाठीवर. खालच्या बाजूनं दोन डायोड झाळले, काळे, चण्याच्या दाण्याएवढे. थकलेला व्हॉल्व्ह तसाच जागेवर ठेवला, म्हणजे वरून पाहणाऱ्याले काही कळणार नाही, तो लालही होईल, पण काम करतील खालचे दाणे. मी म्हटलं, "मामाजीले सांगा लागल ना?" तं हे म्हणाले, "सांगतलं का काढून टाकाले लावतील. त्याईले वाटू दे व्हॉल्व्हच जागला. कधी कधी जागते, बाबाच म्हणतात." अन् कैया खाली ठेवता ठेवता हसत हसत म्हणाले... हे मले अक्षर न् अक्षर आठवते... "डायोडले तापा लागत नाही. बटन दाबलं का करंट हजर. आता बाबाचं वीस मोजणं म्हणजे नुसतं भजन."

मी ऐकलं. मी तिथंच होती, टॉर्च माह्याच हातात होती. अन् मामाजी मोजता मोजता हात घालतात हेही मले माहीत होतं. दोन्ही गोष्टी माह्याच डोक्यात होत्या, शेजारी शेजारी, जशी तांदळाची कोठी अन् मिठाची बरणी. मी त्या एकमेकीले लावून पाह्यल्या नाही. हे तं घाईत होते, बापाच्या प्रेमात होते, त्याईच्या ध्यानातच आलं नसल... पण मी? मले समजलं नाही का मले समजाचं नव्हतं, हे मी रोज सैंपाक करता करता स्वतःले विचारते.

मामाजी आले. दुसऱ्या दिवशी साडेआठले बटन दाबलं, वीस मोजले. बाकीच्या व्हॉल्व्हले तापाले वेळ लागेच, म्हणून सेट पहिल्यासारखाच हळूहळू जागा झाला, काही फरक नाही. अन् बॅनर्जीबाबूचा आवाज आला. मामाजी उठून उभे राहिले. उभे! त्या आवाजासमोर उभे राहिले, जसा माणूस दारात आला. अर्धा तास बोलले. मंग बाहेर आले, छबीले उचललं, तिच्या तोंडात गूळ घातला, अन् याईले म्हणाले, "पाह्य बेट्या, जुनं ते जुनं. थोडा आराम देल्ला अन् उठला. तुह्या डायोडची गरज नाही पडली." हे हसले. म्हणाले, "हाव जी, तुमीच जिंकले." मामाजीनं माह्याकडं पाह्यलं, "काय वं सूनबाई, खरं का नाही?"

तेव्हा सांगता आलं असतं. बापलेक दोघंही हसून राहिले होते, कित्येक दिवसांनी या घरात कोणी हसून राहिलं होतं. मी म्हटलं, "हाव जी, खरं."

दीड महिना तो सेट चालला. छबी त्याईच्या मांडीवर बसून मोजाले शिकली, एक, दोन, तीन. तिले पाच अन् सहा उलटे यायचे, मामाजी म्हणाचे, "उलटं मोजलं तं वाघ आधी येते, बेटा." मंग थंडी पडली. चिमटी बदलाचा दिवस आला. मले तो दिवस आहे हेही माहीत नव्हतं, चिमटीसाठी काही मुहूर्त नसते. थंडीत आवाज फाटला का ते मनानंच ठरवत. सात म्हटलं अन्...

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हे चहा आणाले खाली गेले होते. मामाजीनं डोळे उघडले. उजव्या हाताले पट्टी. म्हणाले, "सूनबाई, सातलेच कसा आला करंट?" मी त्याईची चादर सारखी केली. ते वर पंख्याकडं पाहत म्हणाले, "डायोड टाकले काय?"

"हाव जी."

"किती?"

"दोन."

"झाळ साफ होतं?"

"मले काय समजते जी..."

"दीड महिना चालला. साफच असल. त्याचा हात चांगला आहे." मंग थांबले. श्वास लागत होता. "चिठ्ठी टाकली काय आतमधी?"

"नाही जी."

"टाका लागत होती," म्हणाले. रागानं नाही. जसं आपण म्हणतो मीठ टाका लागत होतं, तसं. मी रडाले लागली, म्हटलं, मामाजी मले माहीत होतं, मी सांगाले पाहिजे होतं. त्याईनं डाव्या हातानं माहा हात धरला. तोच हात, जो ते नेहमी मांगं ठेवत. म्हणाले, "त्याले सांगू नोको मले कळलं म्हणून. जन्मभर कैया हातात धरणार नाही तो. अन् त्याचं पोट त्या कैयावर आहे... तुहंही. छबीचंही." मी म्हटलं, "हाव जी."

पुन्हा हाव जी. खरं झाकाले मी दोन वेळा हाव जी म्हटलं, एकदा लेकासाठी, एकदा बापासाठी. सहा दिवसांनी ते गेले.

याईनं त्याच्यानंतर दुकान बंदच ठेवलं आहे. एकदा माह्यासमोर म्हणाले, "बाबाले काही कळलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. ते उठून बाहेर गेले. रात्रंदिवस काय चालते त्याईच्या डोक्यात मले दिसते, मी विचारत नाही, ते सांगत नाहीत, अन् बाहेरचे लोकं म्हणतात म्हाताऱ्याचं वय झालं होतं.

तेरवीच्या दिवशी जबलपूरहून पार्सल आलं. इकडून आवाज बंद झाला तं सेट पुन्हा मुका झाला समजून बॅनर्जीबाबूनं व्हॉल्व्ह पाठवला होता, त्याच नंबरचा, कापसात गुंडाळून, कोऱ्या डब्यात. त्याईले खबर उशिरा पोचली. आता त्याईचं पत्र आलं आहे का मी येतो, सेट पाहतो, माह्या मित्राची खोली पाहतो. म्हणून काल याईनं ठरवलं. म्हणाले, "रविवारी डायोड काढतो अन् नवा व्हॉल्व्ह बसवतो. बाबाचा सेट जसा होता तसा करून ठेवतो. त्याईची तेवढीच इच्छा होती." बऱ्याच दिवसांनी कैया पुसाले घेतला त्याईनं. मले बरं वाटलं पाहिजे होतं. पण जसा होता तसा केला का खाली दोन टिपकेही दिसणार नाहीत, एवढं साफ झाळ आहे याईचं. बॅनर्जीबाबू झाकण उघडतील, सारं जुनंच्या जुनं दिसल, अन् म्हणतील, वा, काहीच बदललं नाही. मामाजीची जन्मभराची इच्छा अन् आमचं पाप, दोन्ही एकाच दिवशी पुरी होतील.

मी एक चिठ्ठी लिहिली आहे. छबीच्या पाटीवर आधी लिहून पाह्यली, मंग कागदावर. "इथं दोन डायोड होते. बटन दाबल्याबरोबर करंट येत होता. हात घालणाऱ्याले कोणी सांगतलं नाही. सांगणारी घरातच होती." खाली नाव टाकलं, पुसलं, पुन्हा टाकलं. चिठ्ठी माह्या पदराच्या गाठीत आहे. ते पाकीट झाकणाच्या आत आहे, पिवळ्या चिठ्ठीवर एक कागद मावल एवढी जागा आहे. चिठ्ठी टाकली तं रविवारी झाकण उघडल्यावर साऱ्यात आधी याईच्याच हाती लागल. नाही टाकली तं... चिठ्ठी टाका लागत होती असं म्हणणाराही तोच माणूस, अन् सांगू नोको म्हणणाराही तोच.

छबी आता एकटीच त्या खुर्चीवर चढून बसते. डावा हात मांगं घेते, आबाजीसारखा. एक, दोन, तीन, चार... आता पाच-सहा उलटे होत नाहीत तिचे. पण सात म्हणते अन् थांबते. रोज. मी चुलीपाशून म्हणते, "म्हण ना वं, आठ." ती माह्याकडं पाहते अन् म्हणते, "आठ आबाजी म्हणते."

आज शुक्रवार आहे. तुमाले घरात लेकरू आहे, नवरा आहे, त्याच्या हातात कैया आहे, अन् पदराच्या गाठीत चिठ्ठी आहे... तुमी काय केलं असतं?